लेकरांच्या रंगाचा दरवेळी चिखल होतो, वाळला की झडतो: बिघाड कुठं आहे आणि काय करायचं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सकाळी अकराच्या पुढं आमच्या परभणीत लेकराला दाराबाहेर सोडता येत नाही. ऊन मी म्हणत असतं. घरात हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून रंग निघतात. अर्ध्या तासात सगळ्या वाट्या एकाच मातकट रंगाच्या होतात आणि कागदाला मधेच भोक पडतं. त्यातूनही जे चित्र वाचतं, ते दुसऱ्या दिवशी उचललं की फरशीवर रंगाचा भुगा. "याच्या हाताला वळणच नाही," म्हणत डबा माळ्यावर जातो. पुढच्या रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गल्लीतल्या आयाबाया ही तक्रार घेऊन येतात तेव्हा मी चित्राकडं नंतर बघते, आधी वाटीत डोकावते. तीन ते सात वर्षांचं लेकरू कुंचला सगळ्या वाट्यांत बुडवणारच आणि एकाच जागी दहादा घासणारच. वयच तसं आहे, त्याला रागावून काही होत नाही. वाटीत काय आणि किती घालून दिलं हे मात्र मोठ्यांच्या हातात असतं. मी पाहिलेले बहुतेक बिघाड तिथंच सापडलेत.

सगळे रंग मातकट होतात

लाल, पिवळा आणि निळा एकत्र आले की तपकिरी होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. लक्षात येत नाही ते एवढंच, की डब्यातल्या इतर रंगांमध्येही हेच तिघं लपलेले असतात. हिरव्यात पिवळा आणि निळा आधीच आहेत, त्यात लालाचा थेंब पडला की तिघांची भेट झाली. केशरीत निळा गेला तरी तेच, जांभळ्यात पिवळा गेला तरी तेच. म्हणजे बारा रंगांचा डबा उघडून लेकरासमोर ठेवला की चिखल ठरलेलाच. शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीनं एकदा वाटीत बोट फिरवत फिरवत मला विचारलं, "मावशी, माझा हिरवा कुठं गेला?" तिनं त्याच बोटानं आधी लाल वाटी चाचपली होती, नखात अजून लाल दिसत होता.

यावर उपाय म्हणजे एका वेळी दोनच रंग द्यायचे, आणि तेही असे की कितीही मिसळले तरी तिसरा रंग चांगलाच निघावा. पिवळा आणि लाल दिले तर केशरीच्या छटा येतात. पिवळा आणि निळा दिले तर हिरव्याच्या. कुठल्याही एका रंगाबरोबर पांढरा दिला तरी बिघडायला काही उरत नाही. उद्या दुसरी जोडी. काळा रंग तर लहानांना देऊच नका. त्याचा एक थेंब बाकीच्या सगळ्या वाट्या खाऊन टाकतो.

लाल आणि निळ्याच्या जोडीत मात्र एक खोच आहे. जांभळा हवा असतो आणि निघतो विटकरी-काळपट. लेकरू हिरमुसतं, आपल्याला वाटतं रंगच नकली. कारण साधं आहे. मोठ्या डब्यात बहुधा दोन लाल असतात, एक केशरीकडं झुकणारा आणि एक गुलाबीकडं. केशरीकडं झुकणाऱ्यात पिवळा असतोच, म्हणून निळ्याशी गाठ पडली की तो मळतो. गुलाबीकडं झुकणारा लाल घ्या, जांभळा स्वच्छ निघतो. ओळखायचं असेल तर दोन्ही लाल बोटभर कागदावर लावून त्यात पांढरा मिसळा. एक पिवळसर गुलाबी दिसेल, दुसरा चक्क राणीकलर. जांभळ्याला दुसरा.

चिखलाचं दुसरं उगमस्थान म्हणजे कुंचला धुवायचा मग. "पाणी सारखं बदलत राहा" हा सल्ला आमच्या भागात कुणी कुणाला द्यायला धजावत नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्यापेक्षा दर रंगाला एक कुंचला द्या आणि तो त्याच वाटीत राहू द्या. कुंचले तेवढे नसतील तर कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीचं टोक दगडानं ठेचून घ्या, दातण असतं तसं. ती काडी लहान मुठीत बाजारच्या बारीक कुंचल्यापेक्षा जास्त चांगली बसते आणि तिचा फटकारा रांगडा येतो. ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा तर फारच उपयोगाचा. वरची साल थोडी सोलली की आतला मऊ भेंड रंग पितो आणि कागदावर गोल ठिपके उठतात. ठिपक्यांचा नाद लागला की पोरं घासणं आपोआप विसरतात.

धुवायचंच असेल तर दोन वाट्या आणि एक सुती फडकं ठेवा. आधी कुंचला फडक्यावर पुसायचा, मग पहिल्या वाटीत, मग दुसऱ्या वाटीत, पुन्हा फडक्यावर. अर्धा रंग फडकंच ओढून घेतं, त्यामुळं तांब्याभर पाण्यात सगळी दुपार निघते. एवढं करूनही वाटीत चिखल झालाच तर तो फेकू नका. झाकणाच्या डबीत साठवा. झाडाचं खोड, शेत, बैल, म्हैस, सगळ्याला तोच लागतो.

वाळलं की भुगा पडतो

ही तक्रार सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी. कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात: रंगाची पूड, ती कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि पाणी. पाणी उडून जातं, चिकट पदार्थ मागं राहतो आणि पुडीला धरतो. पोस्टर कलर पुरवायचा म्हणून आपण त्यात पाणी वाढवत जातो, तेव्हा चिकटपणाही त्याच मापानं पातळ होत जातो. शेवटी कागदावर नुसती पूड उरते. घरी गेरू कालवून दिला असेल तर चिकट पदार्थ मुळातच नसतो.

तपासायचं सोपं आहे. चित्र पूर्ण वाळल्यावर कोरडं बोट घासा. बोटाला रंग आला तर चिकटपणा कमी. रंग चकाकतोय आणि कागद वाकवला की तडकतोय, तर चिकटपणा जास्त. नवीन रंग कालवला की आधी कागदाच्या तुकड्यावर एक पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट घासून बघा. नंतरची सगळी कटकट वाचते.

लहानांसाठी माझी पसंती खळीला. 4 चमचे कॉर्नफ्लोअर किंवा मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग एकूण 2 कप पाणी होईल एवढं घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळ पाणी हळूहळू काचेसारखं होत घट्ट होतं, तिथं गॅस बंद. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होणारच, त्या नंतर मोडत नाहीत. ज्वारीच्या पिठाचीही खळ होते, पण कोंड्यामुळं खरबरीत लागते. दोनदा चाळून घेतलं तर बोटानं रंगवायला ठीक. खळ कोमट झाली की वाट्यांत वाटून त्यात रंग घालायचा. ही खळ तोंडात गेली तरी पीठच आहे, म्हणून दोन-अडीच वर्षांच्या लेकराला हळद घातलेली खळ बिनधास्त द्यावी.

जरा मोठ्या पोरांना डिंक. बाभळीचा डिंक रात्री दुप्पट कोमट पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यायचा. कधीकधी डिंक विरघळायचं सोडून फुगतो आणि त्याचा थलथलीत गोळा होतो. तसं झालं तर तो कतिऱ्याच्या जातीचा डिंक आहे. तो रंगाला चालत नाही, सरबतात घाला. डिंकाचा रंग तडकत असेल तर वाटीला दोन-चार थेंब मध किंवा साखरेचं पाणी घाला. त्यानं थर जरा लवचिक राहतो, फक्त मुंग्यांपासून सांभाळा. घाई असेल तर फेव्हिकॉल आहेच, चमचाभर फेव्हिकॉलला दोन चमचे पाणी. तो वाळला की पुन्हा पाण्यानं निघत नाही, हे मात्र धरून चालायचं.

आता मातीच्या रंगांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं आपल्या भागाची खास अडचण आहे. शेतातून चिमूटभर काळी माती आणून पोरं रंगवायला बसतात. ओली असताना काय सुंदर दिसते, दाट, तुकतुकीत. वाळली की पापुद्रे सुटून खाली येते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा कागदावर बारीक पडतात. खळीत कालवून अगदी पातळ हात दिला तर ती टिकते, जाड लावली तर कितीही चिकट घाला, सुटणारच. गेरूचं तसं नाही, तो फुगत नाही. जुन्या माळवदाच्या घरांना सारवायची पांढरी मातीही बरीच शहाण्यासारखी वागते.

गेरू आणला की तसाच कालवू नका, त्यात वाळू असते. ती वाळू कागद खरवडते आणि मग "कागद फाटतो" ही वेगळी तक्रार घेऊन कुणीतरी येतं. गेरूचे खडे फोडून वाटीभर पाण्यात ढवळा. एक ते दहा मोजा, तेवढ्यात जाड वाळू खाली बसते. वरचं गढूळ लाल पाणी अलगद दुसऱ्या वाटीत ओता आणि तासभर हात लावू नका. खाली सायीसारखा गेरू बसतो, वर पाणी जवळजवळ नितळ होतं. ते काढून टाकलं की उरलेला लगदा बोटांत चोळून बघा, लोण्यासारखा लागतो. हे काम पोरांना रंगवण्यापेक्षाही आवडतं आणि यात निम्मी दुपार जाते, हा फायदा वेगळा. वरचं पाणी नितळ न होता गुलाबीच राहिलं, तर त्या गेरूत रंग मिसळलेला असू शकतो. तो लहानांना देऊ नका.

पोळ्याला मातीचे बैल करतात तेव्हाही हेच रडगाणं. काळ्या मातीचा बैल उन्हात ठेवला की पोटाला चीर जाते, रंगाचे टवके उडतात. मातीत बारीक भुसा किंवा चिरलेलं गवत मळून घाला आणि बैल सावलीत, ओल्या फडक्याखाली, हळू वाळू द्या. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा असाच मातीत भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे धागे घालून केलेला आहे. धागा मातीला आवळून धरतो, भेग पुढं सरकत नाही. बैल आतून पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नका आणि देण्याआधी पातळ डिंकाच्या पाण्याचा एक हात फिरवा. नाहीतर कोरडी माती रंगातलं पाणी आणि चिकटपणा दोन्ही शोषून घेते, वर परत पूड. शिंगांना लावायचा ऑइल पेंट मात्र मोठ्यांनीच लावावा. तो हातावरून काढायला रॉकेल नाहीतर टर्पेंटाइन लागतं, आणि लेकराच्या कातडीवर ते चोळायचं कशाला?

वाटीतच रंग वाळतो

एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या पुढं, हवा कोरडी ठणठणीत आणि डोक्यावर पंखा. उथळ वाटीतला रंग बघता बघता घट्ट होतो. लेकरू पाणी ओततं, तो पातळ होतो, पुन्हा वाळतो, पुन्हा पाणी. म्हणजे वरच्या भुग्याच्या तक्रारीचं मूळ निम्म्या वेळा पंख्यातच असतं. रंग बाटलीच्या झाकणात, चमच्याएवढाच द्या आणि संपला की पुन्हा द्या. झाकणं ओल्या फडक्यावर मांडा. पंखा बंद ठेवायला मी सांगणार नाही, माणसं भाजून निघतील. पंख्याच्या झोताखालून फक्त रंग बाजूला सरकवा. कूलर असेल त्या खोलीत उलटं होतं. तिथं चित्र वाळतच नाही, एकावर एक ठेवली की चिकटतात.

काळ्या कागदावर वाळल्यावर पांढरट ढग उमटत असतील तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. बादलीच्या कडेला बसतात तेच. तेवढ्यापुरतं प्यायचं फिल्टरचं पाणी वापरा.

कागद फाटतो, वाकतो

वहीचा कागद ओल्या रंगासाठी नसतोच. ड्रॉइंगचा जाड कागद आणा, किंवा फुकटात हवा असेल तर खोक्याचा पुठ्ठा आणि लग्नपत्रिकांची कोरी बाजू. लग्नसराईनंतर घरात पत्रिकांची काही कमी नसते. दुकानाच्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद घेतला तर रंगाचे थेंब होऊन घरंगळतात. रंगात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, रंग पसरतो. कागद वाकतो तो एकाच बाजूनं भिजल्यामुळं. चारही कडा टेपनं पाटीवर चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका.

पिवळा उडाला, गुलाबी तपकिरी झाला

स्वयंपाकघरातले रंग निवडले की हे होणार. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, म्हणून नुसत्या पाण्यातली हळद कागदावर कणीकणी दिसते. खळीत कालवली की सारखी पसरते. पण ऊन लागलं की ती उडते. खिडकीत लावलेला हळदीचा सूर्य काही दिवसांत फिका पडतो. बीटाचा गुलाबी उष्णता आणि उजेड दोन्हींनी मरतो. बीट उकळू नका, किसून पिळा आणि लिंबाचे थेंब टाका, थोडा जास्त टिकेल. तरी तो पाहुणाच. जास्वंदीचं पाणीही दुसऱ्या दिवशी मळकट होतं.

म्हणून हे रंग टिकवायच्या चित्रासाठी देऊच नयेत, गंमतीसाठी द्यावेत. हळदीनं रंगवलेल्या कागदावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं काडी फिरवली की लालभडक रेघ उठते आणि लिंबू लावलं की पुन्हा पिवळी होते. जास्वंदीचं पाणी लिंबानं गुलाबी आणि सोड्यानं निळं-हिरवं होतं. सहा-सात वर्षांची पोरं यावर तासभर जागची हलत नाहीत.

टिकायला हवं ते गेरू, पिवळी काव आणि काजळी यांनी रंगवा. ही खनिजं आणि कोळसा उजेडानं बदलत नाहीत. अजिंठ्यातली बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली आणि काही त्याच्याही कित्येक शतकं आधीची. त्यांतले तांबडे, पिवळे, काळे याच जातीचे आहेत. निळा तेवढा त्यांनी बाहेरून आणलेल्या राजावर्त दगडाचा केला, इथल्या मातीत निळा मिळत नाही. तुमच्या लेकरालाही निळा विकतच आणावा लागणार.

खळीला वास येतो

उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस काढते. चिमूटभर मीठ घातलं तर जरा उशिरा बिघडते, एवढंच. वर पांढरी किंवा काळी बुरशी दिसली की ती काढून खालची वापरायची नाही, सगळी फेकायची. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. कुणी आजोबा प्रेमानं तो सल्ला देतील. त्यांना चहा पाजा, पण मोरचूद लेकरांच्या रंगात घालू नका, ते विष आहे.

त्याच रांगेत शेंदूर. देवघरात हाताशी असतो, रंगही झकास, म्हणून पोरं तो हमखास उचलतात. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. पानाचा चुनाही नको. पुडी दाबली की उडतो आणि डोळ्याची बुबुळं भाजतात. उडालाच तर चोळू न देता लगेच भरपूर पाण्यानं डोळा धूत राहायचं आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. घर रंगवून उरलेले जुने डबेही देऊ नका. रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो.

बोटांनी लावायचे तयार रंग घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे आणि बोटांच्या रंगांसाठी आयएस 9873 या भारतीय मानकाचा भाग 7 आहे. दुकानात नुसतं "लेकरांचे रंग द्या" म्हटलं की कधीकधी ॲक्रिलिक किंवा फॅब्रिक कलर हातात पडतात. डबीवर वाचूनच घ्या, ते वाळले की कपड्यावर प्लास्टिकसारखे बसतात.

दोन मिनिटांत उठून पळतं

ही खरं तर रंगाची तक्रारच नाही. लहान लेकरू खांद्यानं रंगवतं, बोटांची पकड मागाहून येते. त्याला पाटावर बसवून बारीक कुंचल्यानं आंबा भरायला लावला की ते पळणारच. आणि शेजारी बसून "हे काय करायलास? पान हिरवं असतंय ना!" असं चालू असेल तर मोठं माणूसही पळेल.

उभं करा, जागा मोठी द्या. आमच्याकडं वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात आणि उतरल्यावर कुणी ना कुणी घरी आणतंच. फ्लेक्सची कोरी पाठ अंगणाच्या भिंतीला टांगा. खळीचा रंग आणि त्यात लिक्विडचा थेंब असेल तर तो त्यावर बसतो, आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा. नेत्यांचं तोंड भिंतीकडं राहतं, त्याला इलाज नाही. घरात खाली अंथरायलाही फ्लेक्सच बरा, वर्तमानपत्र पायाला चिकटून घरभर फिरतं.

दीड-दोन वर्षांच्या लेकराला रंगाची गरजच नसते. सकाळी लवकर, शहाबादी फरशी तापायच्या आत, एक जुना भिंतीचा ब्रश आणि डबाभर पाणी द्या. ओला फटकारा काळाभोर उमटतो आणि बघता बघता उडून जातो, की पुन्हा तिथंच. उरलेलं पाणी तुळशीला.

थोड्या मोठ्यांसाठी परात. परातीत कागद घाला, दोन रंगांत बुडवलेल्या गोट्या त्यावर सोडा आणि दोन्ही हातांनी परात हेलकावायला सांगा. रेघांचं जाळं होतं आणि अंगभर व्यायामही होतो. इथं तिसरा रंग टाकायचा मोह फार होतो, टाकू नका. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती गोट्या देऊ नका, लिंबू द्या. कापलेल्या भेंडीचं फूल, अर्धा कांदा आणि खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक यांचे ठसे तर कुणालाही जमतात. ठसा पुसट येत असेल तर रंग वाटीत ठेवू नका. ओल्या स्पंजवर पसरवा आणि त्यावर दाबून उचला. ठसा फुगून विस्कटत असेल तर भेंडी आधी फडक्यावर टेकवून तिचा चिकट कोरडा करून घ्या.

कपडे

पोस्टर कलर आणि खळीचा रंग ओला असतानाच गार पाण्यात बुडवला तर निघतो. गेरूचा डाग मात्र ओला चोळला की धाग्यात आणखी खोल जातो. तो पूर्ण वाळू द्या, झटका, मग धुवा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. तो साबणातल्या क्षाराचा परिणाम आहे, खळबळून काढला की परत पिवळा दिसतो. राहिलेला पिवळा उन्हात वाळत घातल्यावर दोन-तीन धुण्यांत जातो, आणि ऊन आपल्याकडं विकत आणावं लागत नाही. हाताला साबण फेसच धरत नसेल तर ते जड पाणी आहे. आधी कोरड्या फडक्यानं रंग पुसून घ्या, मग ओलं बेसन चोळून धुवा. फेव्हिकॉलचा किंवा ॲक्रिलिकचा रंग कापडावर वाळला असेल तर त्याच्या मागं लागू नका. तो सदरा रंगाच्या दिवशी घालायला वेगळा काढून ठेवा.